दोन बोटांत दबेल इतकं मऊ

कदमवाडीच्या त्या गल्लीत रुद्रय्यांना नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. मोठी माणसं त्यांना स्वामी म्हणत, पोरंटोरं अज्जा म्हणत, आणि घरात मुलगा आणि सून अप्पा म्हणत. शिरोलीच्या एका फाउंड्रीत त्यांनी चौतीस वर्षं काळ्या वाळूचे साचे बांधले. तिथून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी त्यांच्या हातांकडे पाहून कोणीही त्यांचं काम ओळखलं असतं. अंगानं ते बुटके, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज बारीक. पण हात दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावल्यासारखे मोठे. बोटं जाड आणि बसकी. उजव्या तर्जनीवर एकदा साच्याची पेटी आदळली होती, तेव्हापासून तिचं नख वाकडं वाढायचं. कितीही कापलं तरी त्याचा एक कोपरा टोचायचाच.

घर जंगमाचं, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंचं, म्हणून गल्लीत एक रिवाज पडून गेला होता. कुणाच्याही बाळाचं उष्टावण असलं की पहिला घास मामाचा आणि दुसरा स्वामींचा. खिरीत करंगळी बुडवून ते बाळाच्या जिभेला लावायचे. बाळ बहुधा तोंड वाकडं करायचं, मग पुन्हा जीभ बाहेर काढायचं, आणि बायका हसायच्या. अशी चाळीसेक बाळं झाली असतील. त्यांतली काही आता मोटारसायकलवरून जाताना 'काय अज्जा' म्हणून हात करत.

स्वतःची नात झाली ती ११ जून २०२४ ला. नाव दानेश्वरी ठेवलं. घरात सगळे दानू म्हणत, आणि स्वामी एकटे दानव्वा म्हणत. त्यांची बायको रत्नव्वा दोन वर्षांपूर्वीच गेली होती. मुलगा मृत्युंजय आणि सून शिवलीला दोघंही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, वेगवेगळ्या कारखान्यांत. मृत्युंजय पाळ्यांमध्ये काम करी. शिवलीला तयार झालेल्या भागांची मापं तपासायच्या खोलीत होती, आणि घरातही तिची नजर तशीच चाले. भिंतीवरचं कॅलेंडर एका रेघेनं कललेलं असलं तरी तिला दिसायचं.

बाळंतपणाची रजा संपली, वर तिनं आणखी थोडी वाढवून घेतली, आणि कामावर परत जायची तारीख ठरली: सोमवार, २० जानेवारी. दुपारी दानूला कोण बघणार हा प्रश्न निघाला तेव्हा स्वामी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले होते,

"मी हाय की. चौतीस वर्सं वाळू सांभाळली. सात किलोचं लेकरू सांभाळाय काय जातंय?"

"वाळू रडत नव्हती, अप्पा," मृत्युंजय म्हणाला.

"रडत न्हवती, पर रुसत हुती. जरा पानी जास्त झालं की रुसायची."

शिवलीला हसली. तिला हे पटलं होतं. दूध काढून ठेवायचं, आणि दुपारी दानूनं चार घास खायचे, एवढंच तर होतं. पंधरा डिसेंबरच्या रविवारी उष्टावण झालं. निपाणीहून मामा आला, त्यानं खिरीचा पहिला घास दिला, आणि दुसऱ्या घासाला स्वामींची करंगळी दानूनं अशी घट्ट ओढली की सगळे म्हणाले, खादाड निघणार ही.

त्यानंतर तीनच दिवसांनी, बुधवारी दुपारी, ते घडलं.

शिवलीला कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. स्वामींच्या मांडीवर दानू होती आणि समोर त्यांची ताटली. भाकरीचा पापुद्रा त्यांनी दुधात बुडवला, मऊ झालाय असं वाटलं, आणि तिच्या तोंडात ठेवला. तिनं तो थोडा वेळ घोळवला. मग एकाएकी तिचे डोळे मोठे झाले, तोंड लाल झालं आणि घशातून ओकारीसारखा आवाज आला.

पुढं जे झालं ते स्वामींनी विचार करून केलं नाही, त्यांच्या हातानं केलं. साच्याच्या दोन पेट्या एकमेकींवर बसवायच्या आधी आत सांडलेला वाळूचा कण बोटानं उचलून घ्यायचा असतो. कण आत राहिला तर ओतलेल्या लोखंडात तिथं भोक पडतं. हे काम त्यांनी इतक्या वेळा केलं होतं की पोकळीत नको ते दिसलं की बोट आपोआप आत जायचं. ते आताही गेलं. तीच तर्जनी, तेच वाकडं नख. दानू किंचाळली, आणि त्या किंचाळण्याबरोबर पापुद्रा आपला आपण बाहेर पडला. त्याच्यावर रक्ताचा बारीक दोरा होता.

स्वामींनी तिचं तोंड उपरण्यानं पुसलं. पाठीवर हात फिरवत अंगणात चार फेऱ्या मारल्या. रक्त लगेच थांबलं, आणि रडणंही थांबलं. शिवलीला रिकामी बादली घेऊन खाली आली तेव्हा दानू त्यांच्या खांद्यावर हुंदके देत होती.

"काय झालं?"

"काय न्हाय. झोप आलीया," स्वामी म्हणाले.

उपरणं त्यांनी स्वतःच धुतलं.

दुसऱ्या दिवसापासून दानूनं तोंड मिटलं. दूध ती पीत होती, पण चमचा दिसला की ओठ आत ओढून घ्यायची आणि मान भिंतीकडे फिरवायची. नाचणीची पेज झाली, मुगाचं वरण झालं, तांदळाची खिमट झाली. शिवलीला पदार्थ बदलत राहिली, वाट्या बदलत राहिली. टाळ्या वाजवल्या, खिडकीतला कावळा दाखवला, मोबाईलवर गाणं लावलं. गाणं ऐकून दानू खुदकन हसायची, आणि चमचा जवळ आला की हसू तिथंच थांबायचं. कुणाचाही हात चेहऱ्याकडे आला की तसंच. स्वामींचा आला तर रडूच.

"दात यायलेत, दुसरं काय," मृत्युंजय म्हणाला.

"दिठ लागलीया," शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या. त्यांचं दार स्वामींच्या दारासमोर, त्यामुळं या घरातलं सगळं त्यांना दिसायचं आणि न दिसलेलंही कळायचं. मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन त्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुरानं दानू सोडून सगळे खोकले. "बघ, पोरगी खोकली न्हाय. लई जबर दिठ हाय. मी सांगतो, अजून दोन डाव काढाय लागंल."

स्वामी दाराशी उभे राहून हे ऐकत. दोनदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा काहीतरी दुसरंच बोलले. एकदा मीठ संपलंय म्हणाले, आणि एकदा, आज वारा फार आहे.

दहा जानेवारीला, शुक्रवारी, शिवलीला दानूला घेऊन राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोबत स्वामी होते. काट्यावर सात किलो शंभर ग्रॅम. महिन्यापूर्वीही तेवढंच होतं. डॉक्टरीणबाईंनी दानूच्या हातात आपला स्टेथोस्कोप दिला. दानूनं तो सरळ तोंडात घातला आणि चघळत बसली. मग बाईंनी रिकामा चमचा तिच्याकडे नेला. ओठ मिटले, मान वळली.

"हिला भूक आहे, आणि तोंडात घालायला हौसही आहे," बाई म्हणाल्या. "येणाऱ्या हाताची धास्ती बसलीय. कुणी जबरदस्तीनं भरवलं होतं? औषध पाजताना, किंवा काही अडकलं म्हणून बोट घातलं होतं का?"

"नाही हो," शिवलीला म्हणाली. "मीच घाई केली असेल. कामावर जायची तारीख जवळ आली ना, मला वाटायचं पटकन शिकावं हिनं."

स्वामी वजनकाट्याकडे बघत होते. काटा रिकामा होता आणि त्याच्यावर शून्य दिसत होतं. ते त्यांनी बराच वेळ वाचलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. आता चमचा बंद. दानूला ताठ बसवायचं, समोर शिजवलेलं गाजर, रताळं, लाल भोपळा, बोटाएवढे लांब तुकडे करून ठेवायचे. तुकडा दोन बोटांत धरला की दबला पाहिजे, इतका मऊ. मग तिचं ती घेईल, चिवडेल, फेकेल, खाईल. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कडक काही द्यायचं नाही. शेजारी मोठ्या माणसानं पूर्ण वेळ बसायचं, आणि भरवायला हात पुढं करायचा नाही.

"आणि अडकलं तर?" स्वामींनी विचारलं. त्या खोलीत ते पहिल्यांदाच बोलत होते.

"ठसका लागेल, उबळ येईल, तोंड लाल होईल. आवाज येतोय तोवर ती स्वतःच सोडवत असते. तेव्हा मध्ये बोट घातलं तर तुकडा उलट आत जातो, अज्जा. आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, चेहरा निळा पडायला लागला, तर मात्र क्षणभर थांबायचं नाही. ते कसं करायचं हे मी तुम्हाला दोघांनाही आत्ता दाखवते."

त्यांनी कपाटातली बाहुली काढली. तिला हातावर पालथं धरायचं, डोकं खाली, पाठीच्या वरच्या भागात तळव्यानं पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीवर दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं, आणि दुसऱ्यानं तोवर फोन करायचा. स्वामींनी ते तीन वेळा करून दाखवलं. चौथ्या वेळेला बाई म्हणाल्या, "पुरे, आलं तुम्हाला."

रिक्षातून परत येताना शिवलीला बाहेर बघत म्हणाली, "अप्पा, माझ्या अव्वाचा फोन आला होता. ती म्हणते, दानूला घेऊन निपाणीला ये. तिनं पाच पोरं वाढवलीत. निपाणीहून कागल इथल्याएवढंच लांब आहे. वीस तारखेपर्यंत हिनं खायला सुरुवात केली नाही तर मी तिकडंच राहीन म्हणते. तिथूनच कामावर जाईन. मृत्युंजयना मी सांगितलंय. ते रविवारी येत जातील."

"व्हय," स्वामी म्हणाले.

दानू शिवलीलाच्या पदराशी खेळत होती. रिक्षा दोन वेळा सिग्नलला थांबली. स्वामींना रत्नव्वा गेल्यानंतरचे ते महिने आठवले, जेव्हा मृत्युंजय दुसऱ्या पाळीला गेला की ते मुद्दाम टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचे. बघत काही नसत.

मृत्युंजयनं पुढं ताटली असलेली उंच खुर्ची आणली. शनिवारी दुपारी दानू तिच्यात एखाद्या पंचासारखी बसली. समोर गाजराचे तीन आणि रताळ्याचे दोन तुकडे. तिनं एकावर बोट टेकवलं. मग दुसऱ्यावर. मग गाजर मुठीत धरून वर उचललं, आणि त्याबरोबर स्वामींचा हात पुढं आला. भरवायला नाही, नुसता तिच्या हनुवटीखाली, पडेल म्हणून. दानूनं गाजर टाकून दिलं, ओठ आत घेतले आणि भोकाड पसरलं.

"अप्पा, हात!"

"मी कुठं काय केलं?"

"हात मागं घ्या तुम्ही."

रविवारीही तसंच झालं. सोमवारी शिवलीला फार जपून म्हणाली, "अप्पा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" स्वामी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. आतून त्यांना ऐकू येत होतं, "हां, घे, घे की गं राणी," आणि मग, "अगंबाई, चाखलं!" ते उठून आत जाणार होते, पण बसून राहिले. समोरून धोंडुबाईंनी विचारलं, "का ओ स्वामी, घरातनं हाकललं व्हय?"

"उन्हाला बसलोय."

"सावलीत बसून उन्हाला बसलोय म्हणतायसा."

मंगळवारी संक्रांत होती. धोंडुबाई तिळाच्या वड्या घेऊन आल्या आणि आल्या आल्या एक वडी मोडून दानूच्या तोंडाकडे नेली. शिवलीलानं त्यांचा हात वरच्या वर धरला.

"मावशी, कडक आहे ते. नको."

"आमी काय पोरं वाढवली न्हाईत? तिळगूळ नको, चमचा नको, आता म्हनं पोरीनं आपल्या हातानं जेवायचं! सात म्हैन्याची पोर! उद्या म्हनशील भाकरी बी तिनंच थापायची." धोंडुबाईंनी ती वडी स्वतःच्याच तोंडात टाकली. "आगं, तिला समदं कळतंय. आईच घर सोडून कामाला निघाली म्हटल्यावर लेकरू रुसंल न्हाय तर काय करंल?"

त्या वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. बोलून वड्यांचा डबा ठेवून, दानूच्या पायाला हात लावून निघूनही गेल्या. पण शिवलीला ओट्यापाशी गेली आणि तांदूळ धुता धुता तिचे खांदे हलायला लागले. मृत्युंजय कामावर होता. स्वामी दानूला घेऊन दारात उभे होते.

"अप्पा," ती पाठमोरीच म्हणाली, "मी उद्या राजीनामा कळवते. मावशी खोटं नाही बोलल्या. मी मनानं आधीच निघून गेले होते, हिला ते कळलं असणार. नाहीतर चांगलं खाणारं पोर असं का करेल?"

स्वामींनी दानूला सतरंजीवर बसवलं. तिच्या हातात लाकडी चाक दिलं. मग ते ओट्याजवळ आले.

"तुझ्यामुळं न्हाय," ते म्हणाले. "माज्यामुळं."

आणि त्यांनी सांगितलं. भाकरीचा पापुद्रा, तो आवाज, ते बोट, रक्त, उपरणं. सगळं एका दमात, वर न बघता. सांगून झाल्यावर उजवा हात पुढं करून ते नख दाखवलं, कारण तिला मापं बघायची सवय होती आणि तिला ते बघावंसं वाटेल असं त्यांना वाटलं.

शिवलीलानं नख पाहिलं. नळ बंद केला.

"चार आठवडे झाले."

"व्हय."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथंच होता."

"हुतो."

"मी रोज विचार करत होते, अप्पा, माझ्या हातून काय चुकलं. तुम्हाला दिसत होतं ते."

"दिसत हुतं."

"मग?"

"तू हिला घिऊन निपानीला जाशील म्हनून."

"आणि आता नाही जाणार असं वाटतं तुम्हाला?"

"न्हाय. आता जाशीलच की. जा. पर काम सोडू नगंस. त्यात तुजी काय चूक न्हाय."

 शिवलीलानं तांदळातलं पाणी काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. स्वच्छ झालेले तांदूळ ती आणखी दोनदा धुऊन मोकळी झाली. संध्याकाळी तिनं कपाटावरची निळी बॅग काढली आणि दानूची लोकरीची टोपी, दुपटी, झबली तिच्यात भरायला सुरुवात केली. मृत्युंजय घरी आला तेव्हा तिनं त्याला आतल्या खोलीत सगळं सांगितलं असावं, कारण जेवताना तो वडलांकडे बघत नव्हता. नंतर हात धुताना मात्र तो म्हणाला, "अप्पा, आणा ते नख इकडं," आणि कानस घेऊन त्यानं ते पार खाली घासून दिलं. तेवढंच बोलला.

बुधवारी दुपारी शिवलीलानं दानूला खुर्चीत बसवलं. स्वामींना कुणी बाहेर बसा म्हटलं नाही आणि आत बसाही म्हटलं नाही. ते आत आले, खुर्चीपासून दोन हात अंतरावर उभे राहिले, आणि दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकात एक गुंतवले.

"हे काय?" शिवलीलानं विचारलं.

"फाउंड्रीत असंच उभं ऱ्हायाचं असतं. नवा मानूस पयल्यांदा लोखंडाचा रस ओताय लागला की जुन्यानं त्याच्यामागं दोन पावलांवर उभं ऱ्हायाचं. हात मागं. तोंडातनं शब्द काढायचा न्हाय. 'अरं अरं' म्हटलं की त्यो दचकतो, आनि रस पायावर सांडतो."

"आणि चुकलं तर?"

"साचा जातो. वाळूच ती, परत बांधायची. दचकला तर पाय जातो. हे मला म्हाईत हुतं, पोरी. दुसऱ्याच्या पोरास्नी मी असंच शिकवलंय. हितं मात्र इसरलो."

शिवलीलानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग उभे कशाला? बसा की," ती म्हणाली, आणि पाट सरकवला.

त्या दिवशी दानूनं काहीच खाल्लं नाही. ती स्वामींच्या खांद्यांकडे बघत राहिली, हात कुठं गेले ते शोधत. रताळ्याचे दोन्ही तुकडे तिनं खाली टाकले आणि वाकून बघितले. गुरुवारी शिवलीलाला त्यांची दया आली असावी किंवा राग कमी झाला असावा. तिनं त्यांचं ताटही तिथंच वाढलं. "हात बांधून किती वेळ बसणार? तुम्हीही जेवा तिच्याबरोबर."

स्वामी जेवू लागले. भाकरी मोडायची, भोपळ्याच्या भाजीला लावायची, तोंडात घालायची. तो मोठा हात ताटातून उठत होता आणि दर वेळी त्यांच्याच तोंडाकडे जात होता. दानूनं हे पाहिलं. एक घास पाहिला, दुसरा पाहिला, पाचवा पाहिला. मग खाली न बघता तिनं आपल्या ताटलीवर हात आपटला, जे हाताला लागलं ते मुठीत धरलं आणि तोंडाला लावलं. भोपळ्याची फोड होती. अर्धी मुठीतून पिचकून कोपरापर्यंत गेली, थोडी नाकाला लागली, आणि जी तोंडात गेली ती तिनं हिरड्यांनी चावली. चावता चावता ती स्वामींकडेच बघत होती.

स्वामींचा घास तोंडातच राहिला होता. शिवलीला कुजबुजली, "जेवा, अप्पा. थांबू नका." ते पुन्हा जेवू लागले. त्या दिवशी त्यांना भूक नसताना तीन भाकऱ्या खाव्या लागल्या.

शुक्रवारी तिनं रताळं खाल्लं आणि गाजर फेकलं. शनिवारी गाजर खाल्लं आणि भात डोक्यावर घेतला. पण दर वेळी शिवलीला जवळ होती. बॅग कॉटखाली तशीच होती, भरलेली, आणि तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं.

रविवारी, एकोणीस तारखेला, साडेबाराला शिवलीलानं दानूला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, ताटलीत रताळं, गाजर आणि तूप लावलेल्या मऊ पोळीच्या पट्ट्या ठेवल्या. प्रत्येक तुकडा तिनं दोन बोटांत दाबून पाहिला. मग पायात चपला घातल्या.

"मी मावशींकडे बसते. अर्धा तास. मृत्युंजयना मी बाजारात पाठवलंय."

"मी एकटा?"

"उद्या एकटेच असणार ना? काही वाटलं तर हाक मारा, मी समोरच आहे." आणि दार ओढून ती गेली.

स्वामींनी आपलं ताट वाढून घेतलं. पाटावर बसले. पहिली दहा मिनिटं सुखात गेली. दानूनं रताळं खाल्लं, मध्येच 'ब्ब' असं काहीतरी सांगितलं, आणि स्वामींनी "व्हय की," म्हणून उत्तर दिलं. मग तिनं पोळीची पट्टी घेतली. लांब होती. तिनं ती जरा जास्तच आत ढकलली.

डोळे मोठे झाले. तोंड लाल झालं. घशातून तोच आवाज आला.

स्वामींचा उजवा हात ताटावरून उठला. तो उठला हे त्यांना हवेत गेल्यावर कळलं. त्यांनी तो खाली आणला, मांडीखाली घातला, आणि त्याच्यावर बसले. आवाज. आवाज आहे का? आहे. पुन्हा उबळ आली. आवाज आहे. लाल आहे, निळं नाही. कान त्यांनी आयुष्यात कधी इतके लावले नव्हते. दार चार पावलांवर होतं, हाक मारली असती तर शिवलीला धावत आली असती, पण हाकेनं दानू दचकली असती. त्यांनी हाक मारली नाही. दानू पुढं वाकली, जीभ बाहेर आली, आणि पोळीचा ओला गोळा टपकन ताटलीत पडला.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं त्या गोळ्याकडे पाहिलं. स्वामींकडे पाहिलं. स्वामी तिला म्हणाले, "लई मोठा झाला घास, दानव्वा. बारीक घ्यायचा." आवाज त्यांनी हळूच काढला. दानूनं थोडा विचार केला आणि तोच गोळा उचलून, या वेळी एका कोपऱ्यानं, तोंडात घातला.

शिवलीला बरोबर अर्ध्या तासानं आली. ताटली जवळजवळ रिकामी होती. खुर्चीखाली रताळं, स्वामींच्या धोतरावर गाजर. दानूच्या भुवईला तूप लागलं होतं. तिला वाटलं, काही विचारायची गरजच नाही. पण स्वामी उठून उभे राहिले, साहेबासमोर उभं राहावं तसे.

"एकदा अडकलं," ते म्हणाले. "पोळी. मोठी घातली हुती तिनं. आवाज हुता, लाल झालती. मी हात उचलला हुता. लावला न्हाय. तिनंच काढलं. परत खाल्लं तिनं. पोळीच्या पट्ट्या उद्या आखूड कराय पायजेत."

शिवलीला त्यांच्याकडे बघत राहिली. हे त्यांनी सांगितलं नसतं तर तिला कधीच कळलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"किती आखूड?" तिनं विचारलं.

स्वामींनी अंगठा आणि बोट यांच्यात अंतर दाखवलं. तिनं ते डोळ्यांनी मोजलं आणि मान हलवली. मग दानूला खुर्चीतून काढून कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं फोन लावला आणि आतल्या खोलीत जात म्हणाली, "अव्वा, ऐक. उद्या आम्ही येत नाही. नाही गं, बरी आहे. खातेय. कोण म्हणजे? अप्पा आहेत ना घरी."

स्वामी खाली बसून खुर्चीखालचं रताळं गोळा करू लागले. त्यांना बराच वेळ लागला, कारण डोळ्यांतल्या पाण्यानं रताळं कुठलं आणि गाजर कुठलं ते दिसत नव्हतं.

सोमवारी दुपारी पाऊण वाजता, कागलला जेवणाची सुट्टी झाल्याबरोबर, शिवलीलाचा फोन आला. पहिल्यांदा तो कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"अप्पा? काय झालं? फोन का नाही घेतला? खाल्लं का तिनं?"

"खाती हाय," स्वामी दबक्या आवाजात म्हणाले. "भोपळा चाललाय. मला तिच्याकडं बघू दे, तू बी जेव जा. मागनं फोन कर की."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.